झाकण लावून काढलेले चाळीस फोटो

४ जानेवारी, शनिवार

ही वही दुर्बिणीच्या नोंदींसाठी आणली. तारीख, वेळ, किती फोटो, किती थंडी, एवढंच लिहायचं ठरवलं होतं. पण बारा वर्षं दर रविवारी पेपरात लोकांची टर उडवून पोट भरणाऱ्या माणसाच्या हातात वही आली की ती कुठल्या वाटेने जाणार, हे वहीलाही माहीत असतं.

दुर्बीण म्हटलं की लोकांना तोफ अपेक्षित असते. माझी थर्मासएवढी आहे. घरी आली तेव्हा बायको म्हणाली, "बाकीची कधी येणार?" तिला समजावलं की ही लहान असली तरी हिचं तोंड मोठं आहे. आठ चंद्र शेजारी शेजारी बसतील एवढा आकाशाचा तुकडा ही एकदम पकडते. तेजोमेघांना असंच लागतं. ते मोठे असतात, फिके असतात, आणि तीन-तीन मिनिटं कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवल्याशिवाय भाव देत नाहीत. "लहान मूर्ती, मोठं तोंड," बायको म्हणाली, "मग तुमचं दोघांचं छान जमेल."

काल मृगाच्या बाणाखालच्या तेजोमेघाचे चाळीस फोटो काढले, एकावर एक रचले. तेजोमेघ आला, पण सगळीकडे लाल-निळी खरूज आणि उजव्या कोपऱ्यात जांभळा डाग. आमच्या छंदातले जाणकार एक दंतवैद्य आहेत. त्यांना फोटो पाठवला. म्हणाले, "ही घाण आकाशाची नाही, तुमच्या कॅमेऱ्याची आहे. झाकण लावा, तेवढ्याच थंडीत तेवढेच फोटो काढा. त्यात फक्त कॅमेऱ्याचे दोष येतील. ते वजा करा." आणि गच्चीवर कुडकुडायला नको म्हणून युक्ती सांगितली : कॅमेरा फ्रीजमध्ये ठेवा.

जेवताना हे सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "झाकण लावून फोटो? आमच्या दुकानात एक गिऱ्हाईक होतं. कापड न आणताच शिलाईची घासाघीस करायचं."

सासूबाईंनी पस्तीस वर्षं शिवणकामाचं दुकान चालवलं. आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे राहायला आल्या त्या शिलाई मशीन, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणि साखरेचा आजार घेऊन. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन स्वतःच टोचून घेतात. आम्हाला सिरिंजला हात लावू देत नाहीत. म्हणतात, "अर्धं सूत चुकलं की अख्खा खांदा बिघडतो." परवा त्यांनी दुर्बिणीला काळ्या मखमलीची पिशवी शिवली. तान्ह्या बाळाचं घ्यावं तसं टेपने तिचं माप घेतलं होतं. पिशवीला आतून एक चोरखिसाही ठेवलाय. कशाला, विचारलं. "असावा," म्हणाल्या.

५ जानेवारी, रविवार

मायलेकी मावशीकडे गेल्या. घर माझं, फ्रीज माझा.

मधला खण रिकामा केला. दूध ओट्यावर, भाजी खाली, उरल्यासुरल्या वाट्या दारात कोंबल्या. सासूबाईंच्या इन्शुलिनचा डबा राहिला. तीन बाटल्या, दोन महिन्यांचा साठा. हे औषध थंड ठेवायचं असतं, एवढं मला आठ महिन्यांत पाठ झालंय. बाहेर कसं ठेवणार? या घरात माझ्याकडूनही काळजी घेतली जाते याची कुठेतरी नोंद हवी, म्हणून लिहितो : डबा मी वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. जास्त थंड, जास्त सुरक्षित.

कॅमेरा टॉवेलवर, झाकण घट्ट, दारावर चिठ्ठी : 'उघडू नये. आत अंधाराचे फोटो सुरू आहेत.' दोन तास. मग संगणकावर वजाबाकी करत बसलो ती थेट दारावरची घंटा वाजेपर्यंत. दार उघडलं, आणि तेव्हा डबा आठवला.

तिन्ही बाटल्यांत बर्फ. एक काखेत धरली, दोन कोमट पाण्याखाली, आणि तोंडाने "चहा टाकतोय हं" चालू ठेवलं. पाचेक मिनिटांत वितळल्या. पुसून जागच्या जागी ठेवल्या. पांढुरकं औषध होतं, पांढुरकंच राहिलं. चहा मात्र उतू गेला, त्यावरून बोलणी खाल्ली.

६ जानेवारी, सोमवार

खरूज गेली! जांभळा डाग गेला. काळ्या आभाळात तांबूस धूर पंखासारखा पसरलाय आणि आत चार ठिणग्या. मी अर्धा तास नुसता बघत बसलो. ज्याची टर उडवता येत नाही असं काही मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "झाला का फोटो? दाखवा की." म्हटलं, एक कोपरा नीट करायचाय, मग दाखवतो.

संध्याकाळी इंजेक्शनच्या वेळी त्या बायकोला म्हणाल्या, "अगं, बाटलीत दाणे दिसतायत. तळहातावर कितीही घोळवली तरी मोडत नाहीत."

"आई, चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा."

"सुईत दोरा अजून बिनचष्म्याचा ओवते मी."

"मग त्या सुईचाच दाणा दिसत असेल."

मी हसलो. जरा जास्त वेळ हसलो असं वाटलं. थकवा असेल.

१४ जानेवारी, मंगळवार

सासूबाईंची उपाशीपोटीची साखर दोनशे अडुसष्ट. डिसेंबरात एकशे वीस होती.

बायकोने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष ती, सदस्य ती, अहवालही तिचाच. "आई, खरं सांग, काय खातेस?"

"तू वाढतेस तेच."

"मावशीकडे काय खाल्लंस?"

"तुझ्या शेजारीच बसले होते की."

"मग ही साखर काय आभाळातून पडली?"

आभाळ म्हटल्यावर दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी भाताकडे बघितलं.

१६ जानेवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाई मोजकं बोलतात. सकाळचा डोस वीसचा सव्वीस केला, संध्याकाळचाही वाढवला. मग सासूबाईंना, "आजी, या वयात जिभेला आवरणं कठीण असतं, मला समजतं." त्यात समजण्यासारखं काही नव्हतं हे सासूबाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

घरी आल्यावर बायकोने साखर, गूळ, मुरांबा, बिस्किटं कपाटात कोंबली, कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. आता मला दुपारच्या चहाला साखर मिळत नाही. पहिला बळी नेहमी निष्पापाचाच जातो.

१९ जानेवारी, रविवार

आज लेख आपोआप आला. दोन तासांत एकटाकी. विषय : घरातली साखरचोर. गोड बोलणाऱ्या, बोळक्या तोंडाच्या, पलंगाखाली बिस्किटांचा डबा दडवणाऱ्या एक सासूबाई, त्यांच्यामागे लागलेली पोलीस-मुलगी, आणि कुलूपबंद साखरेसाठी तळमळणारा जावई. (डबा मी खरोखर पाहिलाय, पलंगाखालीच असतो.) शेवटी सासूबाई देवाकडे जातात, तर तो यांना बघून आधी साखरेचा डबा लपवतो. संपादक फोनवरच खदखदून हसले. पुढच्या रविवारी छापतायत.

लिहीत होतो तेव्हा पलीकडच्या खोलीत मशीन चालू होतं. दुर्बिणीच्या काचेवर दव पडतं असं मी कधीतरी म्हणालो होतो, म्हणून सासूबाई तिला टोपरं शिवत होत्या.

२२ जानेवारी, बुधवार

मला छोटे खोके जमवायची सवय आहे. दुर्बिणीचे स्क्रू ठेवायला बरे पडतात. इन्शुलिनची पहिली बाटली मागच्या आठवड्यात संपली, तिचं खोकं मी उचलून ठेवलं होतं. आज उघडलं तर आत घडी घातलेला कागद. मुंगीएवढी अक्षरं. सातव्या ओळीत :

'गोठू देऊ नये. एकदा गोठलेले औषध वितळल्यानंतरही वापरू नये.'

तीनदा वाचलं. मग भिंग आणून चौथ्यांदा.

दाणे. दोनशे अडुसष्ट. "या वयात जिभेला आवरणं."

लेख अजून छापून झालेला नाही. संपादकांना फोन लावला. ते म्हणाले, "बोला." मी म्हणालो, "तिसऱ्या परिच्छेदात 'लठ्ठ' आहे तिथे 'गुबगुबीत' करा."

"वा, जास्त प्रेमळ वाटेल," ते म्हणाले.

२३ जानेवारी, गुरुवार

सांगायचं म्हणून स्वयंपाकघरात दोनदा गेलो. पहिल्यांदा बायको फोनवर होती. दुसऱ्यांदा नव्हती, म्हणून पाणी पिऊन परत आलो.

२६ जानेवारी, रविवार

लेख आला. सकाळपासून फोन. लोक म्हणतात, आमच्याकडेही अगदी अशीच एक आहे. दर घरात एक म्हातारी चोर निघाली. माझ्या कुठल्याही लेखाला एवढी दाद मिळाली नव्हती.

सासूबाई रोज सकाळी खाली बागेत बाकावर बसतात. तिथे चार-पाच जणी जमतात. त्यांच्यात एक निवृत्त परिचारिका आहेत, त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, आवाज वॉर्डभर पोचणारा. आज मी दूध घेऊन येत होतो. सिस्टर म्हणत होत्या, "काय हो, आज डब्यात काय? आम्हाला पण द्या थोडं, नाहीतर जावयाला सांगू!" बाक हसून हसून हलत होता. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला बघून सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववली. सवयीने.

दुपारी सासूबाई जेवायला आल्या नाहीत. दाराशी गेलो तर म्हणाल्या, "पेपर वाचतेय." दोनच पानांची ती पुरवणी त्या दीड तास वाचत होत्या.

२८ जानेवारी, मंगळवार

साखर दोनशे नव्वद. डॉक्टरीणबाईंनी सकाळचा डोस बत्तीस केला.

सासूबाई म्हणाल्या, "मी काही खाल्लेलं नाही."

डॉक्टरीणबाई लिहीत राहिल्या. बायको म्हणाली, "आई, पुरे आता. खोटं तरी नको."

मी तिथेच होतो. भिंतीवर डोळ्याच्या आतल्या भागाचा एक मोठा रंगीत फोटो होता. लाल, धुरकट, मधोमध उजळ. किती सेकंदांचा असेल, याचा मी विचार करत होतो. माणूस कुठे कुठे पळून जाऊ शकतो.

३० जानेवारी, गुरुवार

मार्ग सापडला. कुणालाही न दुखवता.

आपल्या औषधवाल्याने दहा प्रश्न विचारले असते, म्हणून दोन चौक पलीकडच्या दुकानातून त्याच इन्शुलिनच्या दोन नव्या बाटल्या आणल्या. सासूबाई दुपारी पडल्या तेव्हा फ्रीज उघडला. वापरातली बाटली अर्धी भरलेली होती. नवी बाटली सिरिंजने उपसून बरोबर तिच्याएवढी केली. दोन्ही उजेडासमोर शेजारी धरून बघितल्या, केसाचाही फरक नाही. हा हात दुर्बीण जुळवून जुळवून तयार झालाय. न उघडलेलीही बदलली.

आता दोन-तीन दिवसांत साखर खाली येईल. डॉक्टरीणबाईंना वाटेल औषध लागू पडलं, बायकोला वाटेल कुलूप लागू पडलं, सासूबाईंवरचा आळ हळूहळू विरेल. सगळ्यांचा मान राहील.

जुन्या दोन्ही बाटल्या टाकून द्यायला निघालो होतो. जमलं नाही. पुरावा नष्ट करायलाही एक प्रकारचा धीर लागतो. मखमली पिशवीच्या चोरखिशात ठेवल्या. तंतोतंत बसल्या.

३१ जानेवारी, शुक्रवार

अक्षर वाईट येईल. येऊ दे.

बायको कचेरीत. अकराच्या सुमारास सासूबाईंच्या खोलीतून मशीन रिकामं फिरल्याचा आवाज आला. कापड नाही, नुसतीच सुई खालीवर. गेलो तर त्या पायटा हाणत होत्या, पोलकं घामाने भिजलेलं, ओठ पांढरे. मला म्हणाल्या, "अगं, बटणं कुठे ठेवलीस? गिऱ्हाईक थांबलंय."

मला. अगं.

"आई, मी आहे."

"चार भोकांची. लवकर आण."

बोटाला टोचून बघायचं यंत्र शेजारीच होतं. अडतीस. त्या क्षणी सगळी वजाबाकी माझ्या डोक्यात एकदम झाली. बत्तीसचा आकडा बिघडलेल्या औषधाचा होता. मी चांगलं औषध आणून ठेवलं आणि आकडा तसाच राहू दिला.

साखर! कपाटाला कुलूप. किल्ली पर्समध्ये, पर्स कचेरीत. मग बिस्किटांचा डबा आठवला. पलंगाखाली सरपटत गेलो. देवा, ही बाई खरंच चोर असू दे, एकच बिस्किट असू दे, असं मी मोठ्याने म्हणत होतो. झाकण उघडलं. बटणं. दोन भोकांची, चार भोकांची, रंगवार, कागदाच्या पुड्यांत बांधलेली, प्रत्येकीवर खडूने आकडा.

त्या डब्यावर मी आठशे शब्द लिहिले होते.

दुर्बिणीच्या स्टँडला तोल सांभाळायला लोखंडी वजन असतं. ते काढलं आणि कुलूप फोडलं. तीन घावांत कडी निघाली. साखरेचं पाणी केलं, त्यांना धरून चमचा चमचा पाजलं. अर्धं माझ्या शर्टावर. पहिले काही घोट त्या गिळायलाच तयार नव्हत्या. दात घट्ट मिटून मान हलवत होत्या. म्हणाल्या, "नको. पोरगी रागवेल."

दहा मिनिटांनी डोळे ठिकाणावर आले. माझ्याकडे, फुटलेल्या कपाटाकडे, उघड्या डब्याकडे त्यांनी क्रमाने बघितलं. "बटणं सांडलीत तुम्ही," म्हणाल्या.

१ फेब्रुवारी, शनिवार

काल पुढचं लिहवलं नाही.

बायकोला फोन केला, ती धावत आली, तिघं दवाखान्यात. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात. "एवढा डोस पुरत नव्हता, आणि एकदम अडतीस? आजी, जेवण सोडलं होतं का?"

बायकोचा आवाज रडवेला आणि चिडलेला, दोन्ही. "आई, लेखाचा राग म्हणून उपाशी राहिलीस ना? सांग ना."

म्हणजे खाल्लं तेव्हा ती चोर, नाही खाल्लं तर हट्टी. सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती, रागही नव्हता. दोरा ओवताना सुईच्या भोकाकडे बघतात तसं बघत होत्या.

मी सांगितलं. फ्रीज, बर्फ, काख, कागदाची सातवी ओळ, नवी बाटली. क्रमाने, विनोदाशिवाय. फार थोडा वेळ लागला. पाच मिनिटंसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "झोपेत झालं असतं तर सकाळी उठल्या नसत्या. कळतंय ना?"

"हो."

"तुम्ही तेच ना, पेपरातले? विनोदी?"

"हो."

"हं," म्हणाल्या आणि डोस पुन्हा वीसवर आणला.

बायको जिन्यात थांबली. "सव्वीस दिवस," म्हणाली. "मी तिला खोटारडी म्हणाले. माझ्या आईला. कुलूप लावलं मी. आणि तू दुपारच्या चहाला साखर नाही म्हणून कुरकुरत होतास." तेव्हापासून बोललेली नाही. आज सकाळी चहा टाकला, तीन कप. माझ्यात साखर दुप्पट होती. मी पूर्ण प्यायलो.

३ फेब्रुवारी, सोमवार

सासूबाई मशीनवर होत्या. जाऊन उभा राहिलो. क्षमा मागायची वाक्यं तयार केली होती, चांगली चार-पाच. खाली घरंगळलेलं रीळ उचलून मशीनवर ठेवलं.

त्याच म्हणाल्या, "दाणे गेले तेव्हाच कळलं मला. बाटली कुणीतरी बदलली. घरात माणसं तीन. लेकीने बदलली असती तर ढोल वाजवून सांगितलं असतं."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"वाटलं, ज्याने बदलली तो सांगेल."

मशीन पुन्हा सुरू झालं. मी जायला निघालो तर म्हणाल्या, "जावईबापू, चोर मला चारचौघांत म्हणालात. माफी अशी माजघरात नाही चालायची."

९ फेब्रुवारी, रविवार

खरं खरं लिहिलं. एकही कोटी नाही, एकही उपमा नाही. माझ्या हयातीतला सगळ्यात कोरडा लेख. आज छापून आला. माझ्या नेहमीच्या चौकटीत, माझ्या नेहमीच्या चित्राखाली : जीभ बाहेर काढलेला मी.

सकाळी संपादकांचा फोन. "कमाल केलीत! सासूची अब्रू वाचवायला जावई स्वतः आरोपी होतो, आणि कॅमेरा म्हणे फ्रीजमध्ये! झाकण लावून! कुठून सुचतं हो तुम्हाला?"

"घडलंय ते."

"तेच तर, अगदी घडल्यासारखं वाटतं!"

दुपारपर्यंत तेवीस निरोप. 'असा जावई लाभायला भाग्य लागतं.' 'म्हातारीची चोरी पोटात घातलीत, मोठं मन.' 'बिस्किटांच्या डब्यात बटणं, हाहाहा.' दंतवैद्यांनी तेवढं गंभीरपणे लिहिलं. पण त्यांना कॅमेऱ्याचं पुढे काय झालं ते हवं होतं.

सासूबाईंना सगळे निरोप वाचून दाखवले. एकही गाळला नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "कापड चांगलं होतं," म्हणाल्या. "पण गिऱ्हाईक पाटी बघून आत येतं. तुमच्या पाटीवर जीभ आहे."

मग थोड्या वेळाने, "सिस्टर सकाळी काय म्हणाल्या माहितीय? जावयाने झाकलं हो तुमचं."

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सासूबाई बागेत निघाल्या तेव्हा मी चपला घातल्या. "मीही येतो." त्यांनी नको म्हटलं नाही. जाताना मी मखमली पिशवी काखोटीला मारली. बायको दारात उभी होती. दहा दिवसांत पहिल्यांदा बोलली. "मफलर घे."

बाकावर चौघी होत्या. मला बघून सिस्टर सरसावल्या. "या या! आज कुणाचा गुन्हा अंगावर घेणार?"

मी म्हणालो, "पेपरात लिहिलं ते खरं आहे. यांनी साखरेला हात लावला नव्हता. औषध मी गोठवलं होतं."

"बघा, चेहरा कसा ठेवलाय!" एक जण म्हणाली. बाक पुन्हा हलायला लागला. मी आणखी दोन वाक्यं बोललो, त्या आणखी हसल्या. बारा वर्षं मी लोकांना शिकवलं की हा माणूस तोंड उघडतो तेव्हा हसायचं असतं. चांगले शिकले होते.

सासूबाई हसत नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

मी चोरखिशातून बाटली काढली आणि सिस्टरच्या हातात दिली.

"हे काय?" त्या हसतच म्हणाल्या. पण हात जुन्या परिचारिकेचा होता. त्याने बाटली आपोआप आडवी धरली, तळव्यांमध्ये घोळवली, मग उचलून उन्हाकडे धरली. काचेला आतून चिकटलेले दाणे सगळ्यांना दिसले. सिस्टरनी पुन्हा घोळवली. पुन्हा वर धरली. त्यांचं हसू आधी डोळ्यांतून गेलं, मग तोंडावरून.

"हे तुम्ही यांना टोचू दिलंत?" वॉर्डभर पोचणारा आवाज अगदी खाली आला होता. "किती दिवस?"

"पंचवीस."

"आणि कधीपासून माहीत होतं?"

"बावीस तारखेपासून."

"म्हणजे तो पहिला लेख आला तेव्हा..."

"तेव्हा माहीत होतं."

हे मी दवाखान्यातही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या लेखातही नव्हतं. बायकोलाही माहीत नाही. आज संध्याकाळी तिलाही सांगायचंय. सासूबाईंचं पदर गुंडाळणारं बोट थांबलं.

कुणीही हसलं नाही. मला त्याची सवय नाही. सिस्टर बाकावर सरकल्या, सासूबाईंना मधली जागा करून दिली आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. बाटली त्यांनी परत दिली नाही. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, बस म्हणायला कुणाला सुचलं नाही, म्हणून मी उभा राहिलो. बऱ्याच वेळाने सासूबाईच उठल्या.

मी पिशवी सावरत मागोमाग चाललो. जिन्यात तिसऱ्या पायरीवर त्या दम खायला थांबल्या. कठडा धरून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो फोटो दाखवणार होतात."